सणातला आनंद हे कर्तव्य असू शकते का?

प्रश्न : मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पुण्यात असताना बेने इस्राएल या महाराष्ट्रातल्या यहुदी समाजातल्या माझ्या एका सहशिक्षिकेने मला त्यांच्या मांडवांच्या सणाला प्रार्थनामंदिरात नेले होते. आवारात फांद्यांनी शाकारलेला मांडव होता आणि सगळे त्यात बसून खात होते, गात होते. ‘या सात दिवसांत आनंदी राहणे ही आम्हांला देवाची आज्ञा आहे,’ असे त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेले नाही. आनंद हा आज्ञेने कसा होईल? आणि खाण्यापिण्यात, नाचण्यागाण्यात अध्यात्म ते कोणते? आपल्याकडे अध्यात्म म्हटले की उपास, मौन आणि वैराग्य हेच डोळ्यांपुढे येते. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, आपल्या सहशिक्षिकेने सांगितले ते अक्षरशः खरे आहे. यहुदी धर्मशास्त्रातल्या मोशेच्या पाच ग्रंथांपैकी ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात मांडवांच्या सणाविषयी ‘आनंद कर’ अशी स्पष्ट आज्ञा आहे, आणि हा आनंद कोणाकोणासह करायचा हेही तिथेच सांगितले आहे : तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझ्या गावातला लेवी, परका, पोरका आणि विधवा. आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मला याच नावांत दिसते. हा सण कापणीनंतरचा, खळे आणि द्राक्षकुंड भरल्यानंतरचा आहे. मंदिरसेवा करणाऱ्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता, परक्याला गोत नव्हते, पोरक्याला आणि विधवेला मिळवून आणणारे कोणी नव्हते. ज्याचे खळे भरले त्याने ज्याला खळेच नाही त्याला जवळ बसवून जेवावे, असा त्या आज्ञेचा व्यवहार आहे. मनाच्या लहरीला हुकूम देता येत नाही हे खरेच, पण दार उघडण्याचा, पान वाढण्याचा आणि हाक मारण्याचा हुकूम माणसाला निश्चित देता येतो. यहुदी परंपरेने आनंदाची सुरुवात हातापासून केली आणि मनाला त्यामागून यायला वेळ दिला, हे मला तिचे मोठे शहाणपण वाटते.

पुढे शास्त्रकारांनी हा व्यवहार आणखी नेमका केला. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळच्या फुस्तात नगरात राहणारे वैद्य आणि धर्मशास्त्री मैमोनिडीज, ज्यांना यहुदी लोक रामबाम म्हणतात, त्यांनी सणाच्या आनंदाचे नियम लिहिताना मुलांना भाजलेले दाणे, अक्रोड आणि गोडधोड द्यावे, स्त्रियांना ऐपतीप्रमाणे वस्त्रे आणि दागिने घ्यावेत, पुरुषांनी मांस आणि मद्य घ्यावे, असे अगदी घरगुती तपशील दिले आहेत. प्रत्येकाला ज्यात आनंद वाटतो ते त्याला मिळावे, एकाचा आनंद दुसऱ्यावर लादू नये, हा त्यामागचा विचार. परंतु लगेच पुढे ते जे सांगतात ते फार कठोर आहे. जो आपल्या वाड्याचे दार लावून घेतो, बायकामुलांसह खातोपितो आणि गरिबांना व दुःखाने पोळलेल्यांना खाऊ घालत नाही, त्याचा आनंद हा धर्माचा आनंद नव्हे, तो त्याच्या पोटाचा आनंद आहे, असा त्यांचा निवाडा आहे. खाण्यापिण्यात अध्यात्म कोणते, हा आपला प्रश्न त्यांनी आठशे वर्षांपूर्वी असा सोडवून ठेवला आहे : पदार्थ तेच असतात, दार उघडे की बंद यावरून त्यांचे मोल ठरते.

आता उपास आणि वैराग्याविषयी. यहुदी धर्मात उपास नाही असे मुळीच नाही. यहुदी पंचांगातल्या तिश्री या सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, योम किप्पूरला, सुमारे पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य असते, आणि तो दिवस पश्चात्तापाचा व क्षमायाचनेचा असतो. पण त्याच महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पाचच दिवसांनी, मांडवांचा सण सुरू होतो. उपासाने माणूस मोकळा होतो आणि आनंदाने तो भरतो, असा हा क्रम आहे. परंपरेने ‘आमच्या आनंदाचा काळ’ हे नाव मात्र या दुसऱ्या सणालाच दिले आहे.

याच महिन्यातला एक जुना प्रसंग बायबलमधल्या नहेम्याच्या ग्रंथात आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी यरुशलेमेचा तट पुन्हा उभा केला, आणि सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी एज्रा शास्त्र्याने चौकात उभे राहून पहाटेपासून दुपारपर्यंत त्यांना नियमशास्त्र वाचून दाखवले. आपण काय विसरलो, कुठे चुकलो हे कळून लोक रडू लागले. धर्मोपदेशक या अश्रूंवर खूश झाले असते तर नवल नव्हते, परंतु त्यांना सांगण्यात आले की रडू नका. घरी जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या, ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा, कारण परमेश्वराचा आनंद हेच तुमचे बळ आहे. दुसऱ्या दिवसापासून तेच लोक डोंगरावर जाऊन जैतुनाच्या, मेंदीच्या आणि खजुराच्या फांद्या आणू लागले आणि घरांच्या गच्चीवर, अंगणात, चौकात त्यांनी मांडव घातले. आनंदाला बळ म्हणणारे हे वचन भरभराटीच्या दिवसांतले नाही. ज्यांच्याकडे अर्धवट बांधलेले शहर होते आणि मागे पिढ्यांचा बंदिवास होता, अशा माणसांना ते सांगितले गेले, म्हणून मला ते खरे वाटते.

आपण पाहिलेल्या मांडवाविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण हा आनंद कसा घडवला जातो ते त्या मांडवाच्या रचनेतच दिसते. त्याचे छत जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या फांद्यापानांचेच हवे. उन्हापेक्षा सावली जास्त पडावी इतके ते दाट असावे, पण रात्री वर पाहिले तर तारे दिसावेत इतके विरळ ठेवण्याची रीत आहे. भिंती कमीत कमी तीन, त्यातली तिसरी अपुरी असली तरी चालते. धान्य घरात येऊन पडले, आता निर्धास्त झालो, असे वाटण्याच्या नेमक्या वेळी माणसाने पक्के घर सोडून सात दिवस या कच्च्या निवाऱ्यात जेवायचे, इजिप्तमधून सुटल्यावर रानावनातून पूर्वज चालले त्याची आठवण ठेवायची, आणि तिथे आनंद करायचा. मालमत्तेच्या भरवशावर उभा असलेला आनंद तिथे टिकत नाही. आणि पाऊस आला तर? ‘मिश्ना’ या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात हा प्रश्न विचारलेला आहे, आणि पानातली लापशी खराब होईल इतका पाऊस पडू लागला की घरात जावे, असे उत्तर आहे. पुढच्या शास्त्रकारांनी तर ज्याला मांडवात बसणे खरोखर क्लेशाचे होते त्याला त्या बंधनातून मोकळेच केले. परतीचा पाऊस ऐन जेवणाच्या वेळी कसा कोसळतो हे सोलापूरकरांना मी सांगायला नको. भिजत, कुडकुडत आज्ञा पाळण्यात पुण्य नाही असे सांगणारी धर्मपरंपरा आनंदाला किती गांभीर्याने घेत असेल, ते या बारीक नियमावरून कळते.

नाचण्यागाण्याविषयी आपल्या मनात जो संकोच आहे तो या परंपरेलाही ठाऊक होता. मिश्नावरील चर्चांचा जो तालमुद ग्रंथ, त्यात म्हटले आहे की ईश्वरी सान्निध्य उदासीत उतरत नाही, आळसात उतरत नाही आणि थिल्लर हसण्याखिदळण्यातही उतरत नाही. ते धर्मकृत्याच्या आनंदात उतरते. उदासी आणि थिल्लरपणा यांना एकाच बाजूला बसवून आनंदाला वेगळे काढलेले आहे, इकडे आपले लक्ष वेधतो. यरुशलेमेतले दुसरे मंदिर उभे असताना, म्हणजे इ.स. ७० पूर्वी, या सणाच्या रात्री शिलोहच्या झऱ्याचे पाणी आणण्याच्या निमित्ताने जो उत्सव होई, त्याचे वर्णन मिश्नामध्ये आहे. उंच दीपस्तंभांवर सोन्याच्या वाट्या असत, तरुण याजक तेलाच्या बुधल्या घेऊन शिडीवरून वर चढत, आणि वातींसाठी याजकांची झिजलेली वस्त्रे फाडून वापरली जात. त्या उजेडाने यरुशलेमेतले प्रत्येक अंगण उजळून निघे. मशाली हातात घेऊन नाचत कोण, तर नगरातले सर्वांत विद्वान आणि सर्वांत सत्शील पुरुष. रब्बान शिमोन बेन गमालिएल यांच्यासारखे धर्मसभेचे प्रमुख आठ पेटत्या मशाली हवेत फेकून झेलत आणि एकीचा दुसरीला स्पर्श होऊ देत नसत. सामान्य लोक पाहायला आणि ऐकायला येत. ज्याने हा उत्सव पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असे जुने लोक म्हणत. यरुशलेमच्या तालमुदात तर असे सांगितले आहे की तिथून लोक नुसते पाणी भरून नेत नसत, पवित्र आत्म्याची प्रेरणाही भरून नेत, आणि योना संदेष्ट्याला ती याच उत्सवात लाभली.

मोठ्या माणसांनी आपला मोठेपणा उतरवून ठेवणे, हे या नृत्याचे मर्म आहे. दावीद राजा परमेश्वराच्या कोशापुढे, म्हणजे पवित्र करारपेटीपुढे, देहभान विसरून नाचला तेव्हा त्याची राणी मीखल हिला ते हलकेपणाचे वाटले. रामबाम मात्र दावीदाच्या बाजूने उभे राहतात आणि अशा वेळी जो स्वतःची प्रतिष्ठा सांभाळत बाजूला राहतो त्याला चुकलेला म्हणतात. आपल्या जिल्ह्यातून पंढरीकडे जाणाऱ्या वाटेवर पांढऱ्या केसांचे वारकरी गावच्या पाटलाच्या हातात हात घालून फुगडी खेळतात तेव्हा जे घडते, त्याच्याशी याचे नाते आहे असे मला मनापासून वाटते. ‘मी कोण’ हे घटकाभर गळून पडते, आणि ते गळून पडल्यावर जी जागा रिकामी होते तिथे देवाला यायला वाव मिळतो. आनंदाची आध्यात्मिक शक्ती म्हणतात ती हीच. ती एकट्याने डोळे मिटून मिळवता येत नाही असे मी म्हणणार नाही, पण यहुदी सणांनी तिचा शोध घोळक्यात, ताटाशेजारी आणि उघड्या दारात घेतला आहे.

या आनंदाला लगामही आहे. मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या दास्यातून, सुटका झाल्याचा वल्हांडण सण खरे तर विजयाचा. पण त्या रात्री मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक नावागणिक पेल्यातला द्राक्षरस थोडा थोडा बाहेर काढतात. शत्रूच्याही यातना आठवून आपला पेला काठोकाठ भरलेला ठेवायचा नाही, असा त्याचा अर्थ अनेक जण लावतात. सणाच्या उरलेल्या दिवसांत स्तुतिस्तोत्रेही पूर्ण म्हणत नाहीत. पाठलाग करणारे मिसरी समुद्रात बुडत असताना देवदूत गाऊ लागले तेव्हा देवाने त्यांना थांबवले, माझ्या हातची लेकरे बुडत आहेत आणि तुम्ही गाता कसले, असे विचारले, ही तालमुदातली कथा त्याच्याशी जोडली जाते. दुसऱ्याच्या पडण्यावर पोसलेला आनंद या परंपरेने सणाच्या आनंदात धरलेलाच नाही.

प्रश्न : श्रावणात माझे सासरे गेले. वर्षभर घरात सण करायचा नाही असे मोठ्यांनी ठरवले आहे. दिवाळी तशीच गेली. आता संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा येईल आणि मुले गड्ड्यावर, म्हणजे यात्रेतल्या जत्रेला, जाण्याचा हट्ट धरतील. त्यांना नेले तर लोक नावे ठेवतील आणि नाही नेले तर त्यांची तोंडे बघवत नाहीत. इतर धर्मांत अशा वेळी काय करतात? आपण गेल्या अंकात यहुदी सणांचा उल्लेख केला होता, म्हणून विचारते. – एक गृहिणी, पूर्वभाग, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या घरचा निर्णय तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलूनच व्हायला हवा, आणि त्यात बाहेरच्या माणसाने ढवळाढवळ करू नये. तुम्ही विचारले आहे तेवढे सांगतो.

यहुदी रीतीत दफनानंतर सात दिवस जवळचे आप्त घराबाहेर पडत नाहीत, बुटक्या आसनावर बसतात, आणि लोक त्यांच्याकडे येतात. दफनाहून परतल्यावरचे पहिले जेवण घरचे नसते, ते शेजाऱ्यांनी आणायचे असते. आपल्याकडे दुःखाच्या घरी शेजारून पिठले-भाकरी येते, तसेच. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत सौम्य दुखवटा असतो, आणि आईवडिलांसाठी तो बारा महिने चालतो. परंतु या सात दिवसांच्या मध्ये वल्हांडण किंवा मांडवांचा सण आला, तर सात दिवसांचे सुतक तिथेच संपते. राहिलेले दिवस नंतर भरून काढावे लागत नाहीत. तालमुदाने त्याचे कारण दिले आहे : शोक हे एका घराचे कर्तव्य आहे आणि सणाचा आनंद हे साऱ्या समाजाचे, म्हणून एकाने सर्वांसाठी वाट करून द्यायची.

हे ऐकायला रुक्ष वाटते. मला मात्र त्यात करुणा दिसते, कारण त्या घरातल्या माणसाला स्वतःहून ‘आता मी हसू का?’ असे विचारावे लागत नाही. नियमच येऊन त्याचा हात धरतो, आणि गेलेल्या माणसाशी आपण बेइमानी केली असे त्याला वाटू देत नाही. शोक पुसून टाका असेही कोणी म्हणत नाही. युरोपीय यहुद्यांच्या परंपरेत वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांच्या सणाची अखेर या आनंदाच्या दिवसांतच मृतांच्या स्मरणाची प्रार्थना ठेवलेली आहे, त्यामुळे जो गेला त्याचे नावही सणाच्या दिवशी घेतले जाते. वडिलांच्या वर्षात मुलगा गाण्याबजावण्याच्या समारंभांना जात नाही, पण सणाच्या पंक्तीला बसतो.

ज्या रामबाम यांचा उल्लेख मी वर केला, त्यांचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी हिंदुस्थानकडे निघाला असताना समुद्रात बुडाला. हा भाऊच घर चालवत होता. ती बातमी आल्यावर आपण सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळलो होतो, असे रामबाम यांनी पुढे एका पत्रात लिहिले आहे. गरिबांची, पोरक्यांची, विधवांची आणि परक्यांची मने आनंदवण्याहून मोठा आनंद नाही, हे त्यांचे वाक्य दुःख न पाहिलेल्या माणसाचे आहे असे कोणी समजू नये. युक्रेनमधले धर्मगुरू रब्बी नाखमान यांचेही तसेच. सदैव आनंदात असणे हे मोठे धर्मकृत्य आहे असे शिकवणारा हा माणूस १७७२ मध्ये जन्मला, तान्हा मुलगा आणि पत्नी गमावून, स्वतः क्षयाने झिजून १८१० मध्ये अडतिसाव्या वर्षी मांडवांच्या सणातच वारला. लोक फेर धरून नाचत असताना बाजूला उदास उभ्या असलेल्या माणसाला जसे हाताला धरून फेरात ओढतात, तसे आपल्या उदासीलाही धरून आनंदात ओढावे, तिला बाहेर एकटे उभे ठेवू नये, अशी त्यांची शिकवण आहे.

मुलांच्या बाबतीत माझे मत विचाराल तर घरात पूजा, नवी वस्त्रे, पक्वान्ने यांचा नेम पाळूनही मुलांना काका-मामांबरोबर नंदीध्वजांच्या दर्शनाला पाठवता येईल. आजोबा त्यांना ज्या ठिकाणी उभे करून मिरवणूक दाखवत असतील तिथेच त्यांना उभे करा आणि आजोबांचे नाव काढा. सासूबाईंना हे आधी विचारा. कदाचित त्यांच्याही मनात तेच असेल आणि बोलायची पंचाईत होत असेल.

प्रश्न : महाराष्ट्रातल्या यहुद्यांनी हे सण मराठी वातावरणात कसे साजरे केले? ते पाहायचे असेल तर सोलापूरहून कुठे जावे? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. कोकणात ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. सणांना त्यांनी मराठी नावे दिली : खिरीचा सण, बिरड्याचा सण. पुरीम हा सण फाल्गुनाच्या सुमारास येतो, त्याला ते होळीचा सण म्हणत. इराणच्या एस्तेर राणीने आणि तिचा आप्त मोर्दखय याने दरबारी हामानाच्या कटातून यहुदी लोकांना वाचवले त्याची आठवण म्हणजे पुरीम. त्या दिवशी एस्तेरचा ग्रंथ वाचताना हामानाचे नाव आले की मुले गलका करून ते बुडवून टाकतात, स्नेह्यांकडे खाण्याचे पदार्थ पाठवतात, आणि निदान दोन गरिबांना दान देणे हे दान घेऊन जगणाऱ्यावरही बंधनकारक असते.

या समाजाची खास स्वतःची रीत म्हणजे मलिदा. ताटात भिजवलेल्या पोह्यांत खोबरे आणि साखर कालवून रास घालतात, भोवती फळे मांडतात, एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांचे गीत म्हणतात, आणि फळाच्या प्रकाराप्रमाणे त्याचा आशीर्वाद म्हणूनच ते तोंडात घालतात. लग्न ठरले, नवस फेडायचा आहे, नवे घर घेतले, आजारी माणूस उठून बसला, अशा प्रत्येक आनंदाला मलिदा असतो. केळे उचलताना जो विचार आपण कधीच करत नाही तो तिथे दर घासाला करावा लागतो, आणि मघाशी ज्या आनंदाविषयी मी इतके लिहिले तो या एका ताटात पाहायला मिळतो. एकोणिसाव्या शतकात या लोकांनी बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तनेही रचली, आणि वल्हांडणाच्या रात्री म्हणायची पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. ती आजही अभ्यासकांना ठाऊक आहे.

सोलापूरहून पुणे आपल्याला सोयीचे. छावणी भागात डेव्हिड ससून यांनी बांधवलेले ओहेल डेव्हिड, म्हणजे लोकांचे लाल देऊळ, १८६७ पासून उभे आहे, आणि रास्ता पेठेत बेने इस्राएल समाजाचे सुक्कथ शेलोमो हे प्रार्थनामंदिर आहे. मांडवांचा सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. त्याचा दिवस दर वर्षी बदलतो, म्हणून आधी चौकशी करावी आणि भेटीची परवानगी मागून ठेवावी. डोक्यावर टोपी किंवा रुमाल असावा. सणाच्या मुख्य दिवशी आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी, छायाचित्रे काढू नयेत, लिहूनही घेऊ नये. मांडवात बसून काही खाण्याचा आग्रह झाला तर नको म्हणू नका.